"वाईट वाटतं तिच्याबद्दल" एवढंच लोक म्हणतात तेव्हा सिनेमाचं काय करायचं?

न्यू जर्सीत एम.एस. करायला गेलेल्या कराडच्या एका मुलीवर तुम्ही सिनेमा केलात. पैसे स्वतःचे आणि मित्रांचे, युनिट सात जणांचं, शूटिंग जर्सी सिटीत ऐन हिवाळ्यात. आता १०८ मिनिटांचा रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा मसुदा, हातात आहे. ज्यांना दाखवला ते म्हणतात, "विषय चांगला आहे, मुलीनं काम छान केलंय, वाईट वाटतं तिच्याबद्दल," आणि तिथंच थांबतात. दोघांनी मध्येच फोन काढला हेही तुम्ही लिहिलंय. पैसे कमी पडले म्हणून असं झालं का आणि आता संकलनात काही करता येईल का, असं तुम्ही विचारताय. मी कट पूर्ण पाहिला, दृश्यांची यादी आणि रशेसच्या, म्हणजे शूट केलेल्या सगळ्या कच्च्या चित्रणाच्या, नोंदीही वाचल्या. मी संकलक आहे आणि माझं बरंचसं काम अशाच छोट्या, स्वतंत्रपणे केलेल्या सिनेमांवर झालंय. जे दिसलं ते स्पष्ट लिहिते.

आधी पैशांचं. तुमचा सिनेमा बजेटमुळं फसलेला नाही. प्रेक्षक दाणेदार चित्र चालवून घेतो, एकाच खोलीत अर्धा सिनेमा घडला तरी चालवून घेतो, ओळखीचा एकही चेहरा नसला तरी त्याचं बिघडत नाही. दोन गोष्टी मात्र तो सोसत नाही. माणसं काय बोलतायत ते ऐकू न येणं ही एक, आणि समोरचं माणूस नेमकं काय मिळवायला धडपडतंय ते न कळणं ही दुसरी. तुमच्या कटात दोन्ही आहेत. पहिली थोड्या खर्चात सुधारते. दुसरी हा तुमचा खरा प्रश्न आहे.

यादी घेऊन बसा आणि प्रत्येक दृश्यापुढं एकच गोष्ट लिहा: इथं ती काय करते? प्राध्यापक तिला सुनावतात, रूममेट तिला वगळून जेवायला जातात, ती जिथं काम करते त्या पेट्रोल पंपाचा मालक पैसे कमी देतो, आई फोनवर रडते, बर्फ पडतो. या सगळ्या तिच्या बाबतीत घडणाऱ्या गोष्टी आहेत. ती पाहते, ऐकते, गप्प राहते आणि मग खिडकीपाशी जाते. खिडकीबाहेर बघण्याचे शॉट कटात नऊ आहेत. डीओपीनं, म्हणजे तुमच्या छायालेखकानं, ते सुंदर घेतलेत, म्हणून ते कापवत नाहीत, हे मला समजतं. पण नवव्या खिडकीपर्यंत प्रेक्षकाला तिच्याबद्दल पहिल्या खिडकीपेक्षा जास्त काही कळलेलं नसतं. तिची कीव करायची सोय सिनेमानं केलीय, तिला ओळखायची केलेली नाही. लोक "वाईट वाटतं" म्हणून थांबतात ते त्यामुळं.

हा दोष स्थलांतरित मुलींवरच्या सिनेमांत फार दिसतो आणि तो चांगल्या हेतूतून येतो. आपल्याला तिच्यावरचा अन्याय दाखवायचा असतो, म्हणून तिला स्वच्छ, सोशिक आणि निरपराध ठेवायची इच्छा होते. खऱ्या मुली अशा नसतात. परक्या देशात, थोड्या पैशांत, मुदतीच्या व्हिसावर जगणाऱ्या मुलीला दिवसातून वीस निर्णय घ्यावे लागतात, त्यातले काही खोटे बोलून, काही दुसऱ्याला दुखवून. ती कुणापेक्षाही जास्त हालचाल करत असते. तिच्यावरचा सिनेमा संथ व्हावा हे मला नेहमीच चुकीचं वाटत आलंय.

आता काय शक्य आहे ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडेच आहेत. रशेसमध्ये न वापरलेलं किती आहे? नायिका डबिंगला आणि एखाद-दोन दिवसांच्या पॅच शूटिंगला, म्हणजे राहिलेले शॉट घ्यायला, मिळेल का? ती आता पुण्यात असते असं तुम्ही लिहिलंय, ही मोठी सोय आहे. आणि हा सिनेमा तुम्हाला कुठं न्यायचाय? महोत्सवात न्यायचा असेल तर ८० ते ८५ मिनिटांचा घट्ट सिनेमा करा. अमेरिकेतल्या मराठी मंडळांमध्ये दाखवायचा असेल तर थोडा मोकळा राहिला तरी चालेल. पुढचं सगळं मी पहिला पर्याय धरून लिहितेय.

तुमच्या गोष्टीत एक इंजिन पडून आहे आणि तुम्ही ते एका संवादात संपवलंय. शैक्षणिक कर्ज. बाविसाव्या मिनिटाला आई फोनवर म्हणते, "घर गहाण ठेवलंय गं तुझ्यासाठी," आणि पुन्हा त्याचं नाव नाही. वास्तविक त्या मुलीच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट या कर्जातून येते. वडील सहकर्जदार आहेत, घर तारण आहे. मोठा हप्ता शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होईल, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतंय, आणि काही कर्जांत शिकत असतानाच व्याजाचा काही भाग भरावा लागतो. तुमच्या पटकथेत तो भरायचाय. म्हणजे महिन्याची एक तारीख आहे, एक रक्कम आहे, आणि ती चुकली तर बँकेचा फोन कराडला जाणार आहे, तिला नाही. सिनेमाला याहून स्पष्ट घड्याळ कुठं मिळणार?

या घड्याळाला व्हिसाचे नियम जोडा. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं, आणि तेही आठवड्याला २० तासांपर्यंत. आवाराबाहेर काम करायचं तर परवानगी लागते आणि ती पहिल्या वर्षात सहसा मिळत नाही. आवारातल्या नोकऱ्या थोड्या आणि मागणारे खूप. म्हणून ती पेट्रोल पंपावर रोखीनं काम करते. हे सगळं तुमच्या पटकथेत आहे, कटमध्ये मात्र ते फक्त एका रूममेटच्या भाषणातून येतं. रूममेट तिला तिचीच परिस्थिती समजावून सांगते. जे तिला आधीच माहीत आहे ते दुसऱ्यानं तिला ऐकवणं म्हणजे प्रेक्षकासाठी केलेली घोषणा, आणि प्रेक्षकाला ते लगेच जाणवतं. ते भाषण काढा. त्याऐवजी आवारातल्या ग्रंथालयाच्या काउंटरवर ती अर्ज देते, समोरची मुलगी तो एका गठ्ठ्यावर ठेवते, हे जे तीस सेकंदांचं दृश्य तुम्ही कटातून काढून टाकलंय ते परत आणा. त्या गठ्ठ्यात सगळं आलं.

पंपाच्या दृश्यांकडे या. तुमच्या सिनेमातली सर्वात मौल्यवान सामग्री इथं आहे आणि ती तुम्ही फुकट घालवताय. न्यू जर्सीत गाडीवाल्यानं स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्यानं बंदी आहे. अमेरिकेत इतरत्र लोक स्वतः उतरून भरतात, इथं पंपावरच्या माणसानंच भरावं लागतं. म्हणजे प्रत्येक गाडी आली की तिला काउंटर सोडून बाहेर थंडीत जावं लागतं, काचेवर टकटक करून किती भरायचं विचारावं लागतं, कार्ड घ्यायचं, नळी लावायची, परत यायचं. जाकीट काढावं तर पुढची गाडी, घालून बसावं तर आतल्या हीटरनं घाम. तुमच्या कटात ती काउंटरमागं उभी राहून रस्त्याकडे बघते. बाहेर जाऊन पेट्रोल भरण्याचा शॉट एकच आहे, आणि नोंदींप्रमाणं रशेसमध्ये असे लांबच लांब टेक पडून आहेत, डीओपीनं 'असूदे' म्हणून घेतलेले. तेच तुमचा सिनेमा आहेत. ते सलग पाहा. एका टेकमध्ये तिचा हातमोजा नळीला चिकटतो आणि ती तो दातानं ओढून काढते. ती हे अभिनय म्हणून करत नाहीये, तिला खरंच थंडी वाजतेय. मी या टेकवर सिनेमा सुरू करेन.

आत्ताची पहिली चौदा मिनिटं, म्हणजे मुंबई विमानतळ, आईची मिठी, विमानाची खिडकी, न्यूअर्कला उतरणं, रिकामी खोली, हे सगळं काढा. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक घरातून कुणीतरी गेलंय. निरोप कसा असतो ते प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. सिनेमा कामावर सुरू होऊ दे. ती कुठली, इथं का, हे आपल्याला हळूहळू कळेल, आणि कळेपर्यंत आपण बघत राहू. आईच्या मिठीचा शॉट जपून ठेवा, तो पुढं कुठंतरी चार सेकंदांसाठी लागू शकतो. लागला नाही तर नाही.

आता मालक. यावर मी जरा थांबते, कारण सिनेमा इथं उभा राहील किंवा पडेल. तुम्ही मालक गुजराती-मराठी मिश्र घरातला, वीस वर्षं तिथं असलेला दाखवलाय. निवड उत्तम आहे. स्थलांतरितांच्या सिनेमात त्रास देणारा नेहमी गोरा असतो आणि एकच तुच्छ वाक्य बोलून जातो, तुमचे प्राध्यापक तसेच झालेत. पण अशा मुलींना रोजचा जाच बहुतेक वेळा आपल्याच माणसांकडून होतो, आणि तो मदतीला चिकटून येतो, त्यामुळं त्याला जाच म्हणायचीही चोरी. तुमच्या मालकाला तुम्ही दोन माणसांत विभागलंय. पहिल्या तासात तो "बेटा, बेटा" करतो, दुसऱ्यात एकदम ओरडायला लागतो. संकलनात मी त्याला एकच माणूस करेन. त्याचे ओरडण्याचे दोन्ही प्रसंग काढा. त्याला ओरडायची गरजच नाही. न्यू जर्सीत २०२५ साली किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं, तो तिला नऊ देतो. कायद्यानं ते वेतन तिलाही मिळायला हवं, पण तक्रार करायची तर आपण कुठं आणि कसं काम केलं ते सांगावं लागणार, आणि विनापरवाना काम केल्याचं विद्यापीठाला कळलं तर तिचा विद्यार्थी म्हणून असलेला दर्जाच जातो. हे त्यालाही माहीत आहे, तिलाही. दोघांपैकी कुणीही ते बोलत नाही. त्या न बोलण्यातच त्याची सत्ता आहे.

तुमच्याकडे एक दृश्य आहे, यादीत ६१ नंबरचं. रात्री बर्फात तो तिला गाडीनं घरी सोडतो, बायकोनं दिलेला ढोकळ्याचा डबा देतो, आणि उतरताना आठवड्याचे पैसे हातात ठेवतो. ती मोजत नाही. आत गेल्यावर जिन्यात मोजते, चाळीस डॉलर कमी. कटमध्ये तुम्ही जिन्यात तिचा क्लोजअप ठेवलाय, डोळ्यांत पाणी, आणि खाली व्हायोलिन. मी नोंदी पाहिल्या. तिसऱ्या टेकमध्ये ती पैसे मोजते, थांबते, पुन्हा मोजते, मग डबा उघडून तिथंच जिन्यात उभ्याउभ्या ढोकळा खाते. तुम्ही तो टेक बाद केला कारण ती 'दुःखी दिसत नाही'. तोच टेक घ्या, संगीताशिवाय, पूर्ण लांबीचा. तिला भूक लागलीय, तिला राग आलाय, आणि उद्या ती पुन्हा त्याच माणसाकडे जाणार आहे, हे तीन भाव एकत्र आणणारं दुसरं काहीही तुमच्या १०८ मिनिटांत नाही.

आणि त्यानंतर तिनं काहीतरी केलं पाहिजे. मोठं बंड नको. पुढच्याच दृश्यात ती रूममेटला भाड्याचे पैसे देताना 'वीस डॉलर पुढच्या आठवड्यात देते' असं खोटं बोलते, हे तुम्ही शूट केलंय, पण पंचवीस मिनिटं उशिरा ठेवलंय. ते इथं जोडा. मालकानं तिला फसवलं, तिनं रूममेटला फसवलं. आता आपण तिच्याबरोबर आहोत, कारण तिला लपवायला काहीतरी आहे.

इथं मला एका जुन्या सिनेमाचं उदाहरण द्यायचंय, कारण तुमच्यासारखीच सामग्री त्यात आहे: थोडे पैसे, एक घर, एक तरुण बाई. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांचा १९६६ चा 'ला न्वार द...', सुमारे तासाभराचा, कृष्णधवल. डकारमध्ये मुलं सांभाळायला म्हणून नेमलेली दियुआना फ्रान्समध्ये आंतीबला येते आणि एका फ्लॅटमध्ये स्वयंपाक आणि सफाईला जुंपली जाते. बाहेरचं जग तिला जवळपास दिसतच नाही. तरी ती एक क्षणही नुसती सोसणारी होत नाही. फरशी पुसताना ती आपला चांगला पोशाख आणि उंच टाचांच्या चपला घालते, मालकीण चिडते तरी. स्वतः भेट दिलेला मुखवटा ती भिंतीवरून परत काढून घेते. मालकानं पुढं केलेले पैसे नाकारते. प्रत्येक कृती लहान आहे, त्या खोलीतच होणारी, पैशांशिवाय चित्रित करता येणारी. शेवट भयानक आहे, पण आपण तिच्याकडे दयेनं बघत बसलेलो नसतो, ती पुढं काय करेल याच्या धास्तीत असतो. आणि तुमच्या आवाजाच्या अडचणीसाठीही हा सिनेमा पाहा: दियुआनाचं मनातलं बोलणं पडद्यावरच्या अभिनेत्रीच्या आवाजात नाही, ते हैतीच्या तोतो बिसँत यांनी डब केलंय. आवाज नंतर घालणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

मनातलं बोलणं निघालंच आहे तर तुमच्या निवेदनाबद्दल. नायिका मधूनमधून कविता म्हटल्यासारखं बोलते, "माझ्या अंगणातला प्राजक्त इथं कुठं" वगैरे. लिहिलंय चांगलं, पण ते तुमचं आहे, तिचं नाही. संगणकशास्त्रात एम.एस. करणारी, महिन्याच्या तारखेला डॉलरचे रुपये करणारी मुलगी मनात हिशेब करत असते. निवेदन पूर्ण काढा. त्या जागी आईचे फोन येऊ द्यात, आणि तेही रडण्याचे नकोत. दिग्दर्शिका शांताल अकेरमान यांच्या १९७७ च्या 'न्यूज फ्रॉम होम'मध्ये न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर आईची बेल्जियमहून आलेली पत्रं ऐकू येतात: कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरलं, तू लिहीत का नाहीस. साधी घरगुती पत्रं, आणि कधी कधी गाड्यांच्या आवाजात ती बुडून जातात. तुमच्या सिनेमातल्या आईला असंच बोलू द्या. नळाला पाणी कधी येतं, धाकट्याची क्लासची फी, शेजारच्यांनी पाडलेली भिंत. पंपावर गाडी आली की वाक्य अर्धं तुटतं. ती "ठेवते गं, नंतर करते" म्हणते. आईला वाटतंय लेक ग्रंथालयात आहे.

वेळेचा फरकही वापरा. उन्हाळ्यात भारत तिथून साडेनऊ तास पुढं असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागं गेली की साडेदहा तास. आईच्या दृष्टीनं लेकीचा फोन एक दिवस अचानक तासभर उशिरा येऊ लागतो. ती काळजी करते, मग विचारते. तिला समजावून सांगणारं एक मिनिटाचं संभाषण लिहा, कराडमध्येच एखाद्या मावशींकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. स्टुडिओत नका नेऊ त्यांना. मागं कुकर होऊ दे, कुणीतरी दार वाजवू दे. यासाठी खर्च जवळपास शून्य आहे आणि कथेत ऋतू बदलल्याचंही त्यातून कळतं, 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी लागत नाही.

भाषेचं एक. तुमच्या सिनेमात जर्सी सिटीतली सगळी माणसं आपसात इंग्रजी बोलतात. परदेशी महोत्सवांसाठी तसं केलंत हे तुम्ही लिहिलंय. महोत्सवाला सबटायटल वाचायची सवय असते. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या आसपास, न्यूअर्क अव्हेन्यूवर जी दुकानं आहेत तिथं गुजराती, तेलुगू, हिंदी, मराठी एकमेकांत मिसळून चालतात. तिच्या दोन रूममेट तेलुगू आहेत, तर त्या आपसात तेलुगूच बोलणार आणि हिच्याशी मोडक्या हिंदीत. मग 'ती एकटी पडली' हे दाखवायला वेगळं दृश्यच नको: तिघी एका टेबलाशी, दोघी हसतायत, हिला कळत नाही. मालक तिच्याशी हिंदीत सुरू करतो आणि काम सांगायचं असेल तेव्हा इंग्रजीत जातो. बाहेरच्या दृश्यांचं डबिंग करायचंच आहे, तर त्याच वेळी रूममेट आणि मालकाच्या दृश्यांची भाषा बदलून घ्या. लांबून आणि पाठीमागून घेतलेल्या शॉटमध्ये ओठांची अडचण येणार नाही. क्लोजअपमध्ये येईल, तिथं बोलणाऱ्याऐवजी ऐकणारा चेहरा दाखवा. तसंही बहुतेक दृश्यांत ऐकणारा चेहराच जास्त सांगतो.

आता आवाज. जाकिटाखाली लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, लावल्यामुळं बाहेरच्या सगळ्या दृश्यांत कापडाची खसखस आहे आणि वारा आहे. ती दृश्यं डब करा, दुसरा इलाज नाही. पण खोलीतली, जिन्यातली ज्या दृश्यांची भाषा बदलायची नाही ती डब करू नका. तिथं फ्रिजची घरघर आहे खरी, ती बऱ्यापैकी कमी करता येते, आणि थोडी राहिली तर ती त्या खोलीचीच आहे. नायिकेचा श्वास आणि घशातला थकवा स्टुडिओत परत मिळत नाही. तुम्ही रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या खोलीचा आवाज, घेतलेला नाही, म्हणून कापलेल्या प्रत्येक जागी आवाजाला खड्डा पडतोय. टेकच्या सुरुवातीला 'अ‍ॅक्शन' म्हणण्याआधीची दोन-तीन सेकंदं शोधा, ती जोडून प्रत्येक खोलीसाठी थर तयार करता येतो. कष्टाचं काम आहे, पण हे केल्यावर सिनेमा लगेच महाग वाटायला लागतो. माझ्या अनुभवात रंग सुधारून जे साधत नाही ते इथं साधतं. आणि संगीत पूर्ण बंद करून सगळा कट बसवा. ज्या दृश्यात तुम्हाला संगीत हवंसं वाटेल, त्या दृश्यात काहीतरी राहिलंय असं धरून आधी ते शोधा.

पॅच शूटिंगसाठी पुण्यात एक दिवस पुरेल. काय घ्यायचं: वहीतला हिशेब, बँकेच्या ॲपवरची तारीख, नोटा मोजणारे हात, रात्री हाताला पेट्रोलचा वास येतो म्हणून लिंबानं चोळणं. सगळं जवळून. मागं भिंत दिसली तर तिकडे लक्ष ठेवा, घरं लगेच ओळखू येतात. आपली बटणांची पाटी आणि गोल भोकांचं सॉकेट, छताचा पंखा, खिडकीचे गज, दाराची कडी, यातलं एकही फ्रेममध्ये येता कामा नये. तिथं भिंतीवर वर-खाली होणारा छोटा खटका असतो, सॉकेटला चपट्या फटी असतात, दाराला गोल मूठ असते. एक कोपरा तसा उभा करणं अवघड नाही. नायिकेचे केस आणि नखं मात्र तेव्हासारखी आहेत का ते आधी पाहून घ्या, हातांच्या शॉटमध्ये कंटिन्युइटीची, म्हणजे आधीच्या शॉटशी सारखेपणाची, चूक तिथंच पकडली जाते.

एक गोष्ट मला संकलनापेक्षा महत्त्वाची वाटते. ही गोष्ट तुमच्या मावसबहिणीच्या अनुभवावर आहे आणि ती अजून तिथंच आहे, असं तुम्ही लिहिलंय. कटच्या सुरुवातीला 'सत्यघटनेवर आधारित' अशी पाटी आहे आणि शेवटी तिचे आभार आहेत, नावासकट. दोन्ही काढा, आजच काढा, आणि ज्यांना लिंक पाठवलीय त्यांच्याकडची बंद करा. सिनेमात जे काम दाखवलंय ते व्हिसाच्या नियमांचं उल्लंघन आहे. शिक्षण झाल्यावर तिला ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे, बारा महिने, तिच्या विषयाला पुढचे चोवीस, मग एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, प्रत्येक पायरीवर तिच्या जुन्या नोंदी पाहिल्या जाऊ शकतात. तुमच्या सिनेमाला त्या पाटीनं काडीचाही फायदा होत नाही. गाव बदला, विद्यापीठाचा फलक दिसतो तो शॉट काढा, तिच्या शिक्षणाचा विषयही बदलता आला तर बदला. आणि नवा कट सर्वांत आधी तिला एकटीला दाखवा. तिनं एखादं दृश्य काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा.

शेवटाबद्दल मी ठाम सांगू शकत नाही, कारण तो मधल्या भागावर ठरेल. आत्ता ती एक्स्चेंज प्लेसला नदीकाठी उभी राहून मॅनहॅटनचे दिवे बघते आणि हसते. ते हसू कशातून आलं ते मला कळलं नाही, आणि वर म्हटलेले बदल केल्यावर तर ते अजिबात बसणार नाही. तुमच्याकडे ती मालकाला "रविवारी येणार नाही" एवढंच सांगते असं एक छोटं दृश्य आहे. तो "ठीक आहे" म्हणतो आणि दुसऱ्या मुलाला फोन लावतो. मला वाटतं सिनेमा तिथं संपू शकेल. तिला एक रविवार मिळाला, आणि आठ तासांचे पैसे गेले. पण पुढच्या हप्त्याची तारीख प्रेक्षकाच्या डोक्यात तोवर पक्की बसलेली असेल, तरच ते लागेल.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी एकही कट न लावता पंपाचे आणि ६१ नंबरच्या दृश्याचे सगळे रशेस नायिकेचं आजवरचं सगळं विसरून पाहा. मग प्रत्येक दृश्याला एक कागद धरून नवा क्रम लावा आणि कागदावर तीन रकाने करा: तारीख, रक्कम, तिनं काय केलं. ज्या कागदावर तिसरा रकाना रिकामा आहे ते दृश्य बाजूला. मग बिनसंगीताचा कट. तो अशा चार-पाच लोकांना दाखवा जे तुम्हाला ओळखत नाहीत, आणि 'आवडला का' विचारू नका. 'तिला काय हवं होतं?' आणि 'ती कुणाशी खोटं बोलली?' एवढंच विचारा. उत्तरं एकमेकांशी जुळली तर डबिंगला पैसे घाला, त्याआधी नको. दर नोव्हेंबरात गोव्यात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, बरोबरीनं फिल्म बाजार भरतो, तिथं रफ कटच्या टप्प्यावरच्या सिनेमांसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब असते. तुमचा सिनेमा नियमांत बसतो का ते पाहून जरूर पाठवा. तोवर यूट्यूबवर टाकू नका, बऱ्याच महोत्सवांना आधी प्रदर्शित न झालेला सिनेमा हवा असतो.

सगळं एकदम हाती घेण्याची गरज नाही. ढोकळ्याच्या दृश्याचा तिसरा टेक आणि त्याला जोडून रूममेटच्या भाड्याचं दृश्य, एवढी पाच मिनिटं आधी बसवा आणि मला पाठवा. त्या मुलीनं काम फार चांगलं केलंय, त्या पाच मिनिटांत ते दिसलं तर बाकीचा सिनेमा कसा कापायचा याची दिशा आपल्याला तिथूनच मिळेल.